अबोल शास्त्रज्ञ : हेन्री कॅव्हेंडिश

लंडन शहरातील सोहो चौकात सर जोसेफ बँक्स या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञाचे प्रशस्त घर होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस दर रविवारी सायंकाळी तेथे विद्वानांचा मेळावा भरत असे. कोणी नव्या वनस्पतींविषयी बोले, कोणी दूरदेशीच्या प्रवासाचे वर्णन करी, तर कोणी ताऱ्यांच्या गती समजावून सांगे. दिवाणखाना दिव्यांनी उजळून निघे आणि हास्यविनोदाने भरून जाई. परंतु आत अशी मैफल रंगात आलेली असताना बाहेर, जिन्याच्या माथ्यावर, कधी कधी एक गृहस्थ बंद दारासमोर खिळल्यासारखा उभा असे. अंगात जुन्या धाटणीचा, विटलेल्या जांभळ्या रंगाचा कोट, मनगटांवर झालरी आणि डोक्यावर तिकोनी टोपी, असा त्याचा वेश होता. दार लोटून आत जावे, एवढेच काय ते करावयाचे. पण आतल्या माणसांना सामोरे जाण्याचा धीर त्याला होत नसे. अखेर खालून कोणाची तरी पावले जिना चढताना ऐकू येत. मागे फिरण्याची वाट बंद होई आणि मग नाइलाजाने तो आत शिरे.

हा गृहस्थ कोणी आगंतुक नव्हता. तो इंग्लंडमधील एका अत्यंत थोर घराण्यात जन्मलेला, अपार संपत्तीचा धनी आणि आपल्या काळातील अग्रगण्य शास्त्रज्ञ होता. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंच्या संयोगाने बनते, हे दाखविणारे प्रयोग त्याने केले. पृथ्वीची घनताही त्याने आपल्या उपकरणाने मोजली. त्याचे नाव हेन्री कॅव्हेंडिश. ज्याने पृथ्वीचे वजन जोखले, त्या माणसाला चार लोकांत एक वाक्य बोलणे मात्र डोंगराएवढे अवघड वाटे.

हेन्रीचा जन्म 10 ऑक्टोबर 1731 रोजी नीस या गावी झाला. हे गाव आज फ्रान्समध्ये आहे. त्याचे वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश हे डेव्हनशरच्या ड्यूकचे पुत्र होते आणि आई लेडी ॲन ही केंटच्या ड्यूकची कन्या होती. हेन्री जेमतेम दोन वर्षांचा असताना, त्याचा धाकटा भाऊ फ्रेडरिक जन्मल्यानंतर थोड्याच महिन्यांत, त्यांची आई वारली. दोन्ही मुले वडिलांच्या छायेत वाढली. अकराव्या वर्षी हेन्रीला लंडनजवळच्या हॅकनी येथील शाळेत घालण्यात आले. पुढे 1749 साली तो केंब्रिज विद्यापीठात दाखल झाला. चार वर्षे तेथे अभ्यास करून 1753 साली पदवी न घेताच तो घरी परतला आणि वडिलांबरोबर लंडनमध्ये राहू लागला.

वडील स्वतः शास्त्राचे व्यासंगी होते. दिवसभरातील कमाल व किमान उष्णतामान आपोआप दाखविणारे तापमापक त्यांनी तयार केले होते आणि त्याबद्दल रॉयल सोसायटी या विद्वत्सभेने 1757 साली त्यांना कोप्ली पदक देऊन गौरविले होते. आपला मुलगा बुद्धिमान आहे, पण अनोळखी माणसे दिसली की त्याची वाचा बसते, हे त्यांच्या ध्यानात आले असले पाहिजे. त्यांनी त्याला घरीच उपकरणे हाताळू दिली आणि सोसायटीच्या सभांना व तिच्या सभासदांच्या भोजनांना ते त्याला आपल्याबरोबर घेऊन जाऊ लागले. 1760 साली हेन्री स्वतःच सोसायटीचा सभासद झाला. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे त्याने या सभा आणि ही गुरुवारची भोजने क्वचितच चुकविली असतील. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. जो माणूस दाराबाहेर थबकून उभा राही, तोच दर आठवड्याला न चुकता त्या दाराशी येतही असे.

कॅव्हेंडिशचा आवाज काहीसा चिरका होता आणि बोलताना तो अडखळत असे. कोणी त्याच्याकडे टक लावून पाहिले की तो कावराबावरा होई. परक्या माणसाने गाठून स्तुती आरंभिली तर त्याची अवस्था फारच बिकट होई. एकदा बँक्स यांच्या घरी ऑस्ट्रियातून आलेल्या एका पाहुण्याची त्याच्याशी ओळख करून देण्यात आली. कॅव्हेंडिशसारख्या महान पुरुषाचे दर्शन घ्यावे, हाही आपल्या लंडनयात्रेचा एक मुख्य हेतू होता, असे त्या पाहुण्याने मोठ्या सौजन्याने सांगितले. कॅव्हेंडिश मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडेना. गर्दीत थोडी फट दिसताच तो तीतून निसटला, जिना उतरला आणि आपल्या गाडीत बसून थेट घरी निघून गेला.

घरातही त्याची रीत वेगळीच होती. सकाळी दिवाणखान्याबाहेरच्या मेजावर तो एक चिठ्ठी ठेवी. त्या दिवशी जेवणास काय करावयाचे, ते तीत लिहिलेले असे. स्त्री नोकरांशी तो समोरासमोर बोलत नसे. त्यांची जिन्यावर गाठ पडू नये म्हणून त्याने घराच्या मागील बाजूस एक वेगळा जिना बांधून घेतला होता, असेही सांगतात. त्याची कपड्यांची धाटणी वर्षानुवर्षे बदलली नाही आणि फिरावयास जाण्याची वाट व वेळही ठरलेली असे. त्याचे ग्रंथालय फार मोठे होते. ते त्याने राहत्या घरापासून दूर ठेवून जाणत्या वाचकांना खुले केले होते. त्यामुळे विद्वानांना ग्रंथ मिळत आणि त्यांना भेटण्याचा प्रसंग त्याच्यावर येत नसे. नियम सर्वांना सारखाच होता. कॅव्हेंडिशने स्वतःचे पुस्तक घरी नेले तरी तो इतरांप्रमाणेच त्याची रीतसर पावती लिहून देई.

अशा माणसाशी बोलावे तरी कसे? त्याच्या सहवासात राहणाऱ्या शास्त्रज्ञांनी यावर एक युक्ती शोधून काढली होती. त्याच्याकडे पाहावयाचे नाही. त्याच्याजवळ उभे राहून, जणू समोर कोणीच नाही अशा रीतीने, शास्त्रातील एखादी शंका हळूच बोलून दाखवावयाची. स्तुती करावयाची नाही आणि उत्तराची घाईही करावयाची नाही. ती शंका त्याच्या मनाला भिडली, तर थोड्या वेळाने कानाशी पुटपुटल्यासारखे उत्तर येई. आणि ते उत्तर इतके नेमके, इतके विचारपूर्वक दिलेले असे की, इतरांच्या तासाभराच्या व्याख्यानाहून ते अधिक मोलाचे ठरे. ज्यांनी ही रीत शिकून घेतली त्यांना त्याच्या ज्ञानाचा लाभ झाला. ज्यांनी ती शिकण्याचा प्रयत्नच केला नाही, त्यांना केवळ एक तऱ्हेवाईक श्रीमंत दिसला.

कॅव्हेंडिशचे खरे बोलणे त्याच्या प्रयोगशाळेत चाले. तेथे त्याचा हात कधी अडखळला नाही. 1766 साली त्याने काही कृत्रिम रीतीने मिळणाऱ्या वायूंविषयीचे निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवले. जस्त किंवा लोखंड यांसारख्या धातूंवर आम्ल ओतले असता एक वायू निघतो. तो हवेपेक्षा पुष्कळच हलका असतो आणि ज्योत लागताच पेट घेतो. हा वायू त्यापूर्वीही काहींच्या पाहण्यात आला होता. पण तो इतर वायूंहून निराळा आहे, हे त्याचे गुणधर्म मोजून प्रथम कॅव्हेंडिशने स्पष्ट केले. पुढे फ्रेंच शास्त्रज्ञांनी त्याला हायड्रोजन हे नाव दिले. या निबंधांबद्दल कॅव्हेंडिशला कोप्ली पदक मिळाले. जे पदक नऊ वर्षांपूर्वी वडिलांनी मिळविले होते, तेच आता मुलाच्या हाती आले.

त्यानंतर त्याचे लक्ष विजेकडे वळले. त्या काळी टॉर्पेडो नावाच्या माशाविषयी विद्वानांत मोठा वाद माजला होता. या माशाला हात लावला की जोराचा धक्का बसतो. हा धक्का विजेचा आहे, असे काही म्हणत. तो विजेचा असता तर ठिणगी दिसली असती आणि खाऱ्या पाण्यात ती वीज केव्हाच विरून गेली असती, असे इतरांचे म्हणणे होते. कॅव्हेंडिश वादसभेत उतरला नाही. त्याने कातड्याचा एक मासा तयार केला, विजेचा साठा करणाऱ्या काचेच्या अनेक बरण्या त्याला तारांनी जोडल्या आणि तो मासा खाऱ्या पाण्यात ठेवला. मग 1775 साली त्याने एक अपूर्व गोष्ट केली. पाहुण्यांना कधीही न बोलावणाऱ्या या माणसाने काही शास्त्रज्ञांना आपल्या प्रयोगशाळेत बोलाविले. त्यांत प्राणवायूचा शोध लावणारा जोसेफ प्रीस्टली होता, शरीरशास्त्रज्ञ जॉन हंटर होता आणि विजेची कल्पना मुळीच न पटलेला टॉमस रोनेनही होता. पाहुण्यांनी पाण्यात हात घालताच त्यांना खऱ्या माशाच्या धक्क्यासारखाच धक्का बसला. त्या दिवशी यजमानाने किती शब्द उच्चारले असतील, कोण जाणे! पण जे सांगावयाचे होते, ते त्या कातड्याच्या माशाने पूर्णपणे सांगितले.

1783 साली वडील निवर्तले. त्या सुमारास चार्ल्स ब्लॅग्डन नावाचा एक वैद्य कॅव्हेंडिशचा सहकारी बनला होता. ब्लॅग्डन बोलका होता, माणसांत मिसळणारा होता आणि त्याला पत्रे लिहिण्याची हौस होती. कॅव्हेंडिशची संशोधने तो इतर शास्त्रज्ञांपर्यंत पोचवी आणि बाहेरच्या जगातील वार्ता कॅव्हेंडिशकडे घेऊन येई. दोघांनी मिळून उन्हाळ्यात इंग्लंडभर प्रवास केला. कारखाने पाहिले, खाणी पाहिल्या, डोंगरांच्या उंची मोजल्या. एक योग्य मित्र मिळाला तर अबोल माणसाचेही जग किती विस्तारते, हे या मैत्रीवरून दिसून येते. पुढे त्यांचे एकत्र काम थांबले. परंतु कॅव्हेंडिशने आपल्या मृत्युपत्रात या मित्रासाठी 15,000 पौंडांची मोठी रक्कम ठेवली होती.

याच काळात कॅव्हेंडिशचे हवा आणि पाणी यांवरील प्रसिद्ध प्रयोग झाले. हवेतील प्राणवायूचे प्रमाण जागोजागी व दिवसागणिक बदलते, अशी तेव्हाची समजूत होती. कॅव्हेंडिशने सुमारे साठ दिवस वेगवेगळ्या हवामानांत हवा तपासली आणि हे प्रमाण सर्वदा सारखेच, म्हणजे एकपंचमांशाहून किंचित अधिक असते, असे दाखविले. त्याचा आकडा आजच्या आकड्याशी जवळजवळ जुळतो. मग त्याने हायड्रोजन आणि प्राणवायू काचेच्या पात्रात एकत्र करून विजेच्या ठिणगीने पेटविले. पात्राच्या आतल्या बाजूवर दव साचले. ते दव म्हणजे शुद्ध पाणी होते. दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग प्राणवायू यांचे पाणी बनते, हे त्याने अनेक वेळा पडताळून पाहिले आणि 1784 साली प्रसिद्ध केले. हजारो वर्षे ज्याला मूलतत्त्व मानले, ते पाणी संयुग ठरले. हा शोध प्रथम कोणी लावला यावरून पुढे इंग्लंड व फ्रान्समधील विद्वानांत मोठे वादंग झाले. कॅव्हेंडिश स्वतः मात्र त्या कोलाहलापासून दूरच राहिला.

1785 साली त्याने हवेतील नत्रवायू विजेच्या ठिणग्यांनी हळूहळू नाहीसा केला. अखेर पात्रात एक इवलासा बुडबुडा उरला. कितीही ठिणग्या पाडल्या तरी तो जाईना. मूळ नत्रवायूच्या एकशेविसाव्या भागाहून तो मोठा नव्हता. दुसऱ्या कोणीही त्याकडे दुर्लक्ष केले असते. कॅव्हेंडिशने त्याचीही नोंद केली. ही नोंद शंभराहून अधिक वर्षे पडून राहिली. 1894 साली रॅले आणि रॅम्से या शास्त्रज्ञांनी हवेतील एक नवा वायू शोधून काढला आणि त्याला आर्गॉन हे नाव दिले. तेव्हा कॅव्हेंडिशच्या त्या बुडबुड्यात हाच वायू होता, हे जगाला कळले.

या माणसाची जिज्ञासा आपल्या देशापर्यंतही पोचली होती. भगवद्गीतेचे इंग्रजीत भाषांतर करणारा चार्ल्स विल्किन्स याच्याजवळ भारतातील तीन पंचांगे होती. कॅव्हेंडिशने त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि हिंदूंचे व्यावहारिक वर्ष व त्याचे विभाग यांवर 1792 साली एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्या घरी सणवार पाहण्यासाठी ज्या पंचांगाची पाने उलटली जातात, तशाच पंचांगाची पाने हा अबोल इंग्रज पंडित लंडनमध्ये बसून उलगडीत होता, ही कल्पना मोठी मनोरम आहे.

सदुसष्टाव्या वर्षाच्या सुमारास कॅव्हेंडिशने आपला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग केला. दोन वस्तू एकमेकींना आकर्षून घेतात, हा न्यूटनचा सिद्धान्त सर्वांना ठाऊक होता. परंतु लहान वस्तूंमधील हे आकर्षण इतके क्षीण असते की, ते मोजणे अशक्य वाटे. जॉन मिशेल या धर्मोपदेशक शास्त्रज्ञाने त्यासाठी एक उपकरण रचले होते. पण प्रयोग करण्यापूर्वीच तो 1793 साली मरण पावला. ते उपकरण पुढे कॅव्हेंडिशकडे आले. त्याने ते बहुतांशी नव्याने बांधले.

लंडनजवळ क्लॅपहॅम येथील आपल्या घराच्या आवारात एका बंद खोलीत त्याने ते मांडले. सहा फूट लांबीचा एक हलका लाकडी दांडा बारीक तारेने मध्यभागी टांगलेला होता. त्याच्या दोन्ही टोकांना शिशाचे दोन इंच व्यासाचे गोळे होते. जवळच शिशाचे दोन प्रचंड गोळे टांगले होते आणि त्या प्रत्येकाचे वजन सुमारे 158 किलो होते. मोठे गोळे लहान गोळ्यांजवळ आणले की दांडा किंचित वळे आणि तारेला पीळ पडे. त्या हालचालीवरून आकर्षणाचे मान काढावयाचे होते. हे आकर्षण लहान गोळ्याच्या वजनाच्या पाच कोटींव्या भागाहून अधिक नव्हते! खोलीतील हवा जराशी तापली, वाऱ्याची एक झुळूक आली, तरी सारे व्यर्थ जावयाचे. नुसता माणूस आत उभा राहिला तरी त्याच्या अंगाच्या उबेने हवा हलली असती. म्हणून कॅव्हेंडिशने खोली बंद केली, मोठे गोळे बाहेरून कप्पीने हलविण्याची व्यवस्था केली आणि भिंतींना भोके पाडून त्यांतून दुर्बिणीने तो आतील दांड्याचे निरीक्षण करू लागला. दांडा संथपणे झुलत असे आणि कॅव्हेंडिश बाहेर निःशब्द उभा राहून एकेक आकडा टिपून घेत असे. माणसांच्या घोळक्यात जो स्वभाव त्याला अडचणीचा वाटे, तोच या एकांतातील तासन् तास चालणाऱ्या कामात त्याचे बळ ठरला.

1798 साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केला. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या 5.48 पट आहे, असा तो होता. आज अत्यंत सूक्ष्म उपकरणांनी हा आकडा सुमारे 5.51 येतो. शिसे, लाकूड आणि तार यांच्या साहाय्याने, बागेतील एका खोलीबाहेर उभे राहून त्याने सगळी पृथ्वी जोखली.

संपत्तीचा त्याला मोह नव्हता. बँकेत साचलेल्या प्रचंड रकमेचे काय करावे, हे विचारण्यास एकदा पेढीचा माणूस घरी आला, तेव्हा अशा गोष्टींसाठी आपल्याला पुन्हा त्रास देऊ नये, एवढेच त्याने बजावले. परंतु तो कठोर नव्हता. तरुण रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याच्या प्रयोगांत त्याने मनापासून रस घेतला आणि त्याला मोलाचे प्लॅटिनम दिले. दारूगोळ्याच्या कोठारांचे विजेपासून रक्षण कसे करावे, हे ठरविणाऱ्या समितीत तो बेंजामिन फ्रँकलिनबरोबर बसला. सोसायटीचे कष्टाचे व अप्रसिद्धीचे काम त्याने आयुष्यभर केले. तरीही 1851 साली त्याचे मोठे चरित्र लिहिणाऱ्या जॉर्ज विल्सनला तो भावनाशून्य, जणू केवळ गणित करणारे यंत्र, असा वाटला. जो भावना बोलून दाखवीत नाही त्याला भावनाच नसतात, अशी चूक लोक नेहमीच करीत आले आहेत.

24 फेब्रुवारी 1810 रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, क्लॅपहॅम येथे कॅव्हेंडिशचा अंत झाला. अखेरच्या घटकाही त्याने एकांतातच घालविल्या. डर्बी येथे आपल्या पूर्वजांजवळ त्याचे दफन झाले. त्याचे एकच चित्र आज उपलब्ध आहे. समोर बसून चित्र काढून घेण्यास तो कधीच तयार झाला नसता. म्हणून विल्यम अलेक्झांडर या चित्रकाराने एका भोजनप्रसंगी टेबलाच्या टोकाला बसून, खुंटीवरचा त्याचा कोट आणि त्याचा चेहरा गुपचूप रेखाटून घेतला होता.

कॅव्हेंडिशच्या कथेचा सर्वांत महत्त्वाचा भाग त्याच्या मृत्यूनंतर घडला. विजेविषयीचे त्याचे बरेचसे संशोधन हस्तलिखितांच्या रूपाने गठ्ठ्यांत पडून होते. साठ-पासष्ट वर्षांनी हे गठ्ठे जेम्स क्लार्क मॅक्सवेल या महान शास्त्रज्ञाच्या हाती आले. केंब्रिज येथे कॅव्हेंडिश घराण्याच्या देणगीतून 1874 साली उभ्या राहिलेल्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचा तो पहिला प्रमुख होता. मॅक्सवेल ती पाने वाचू लागला आणि चकित झाला. विजेच्या आकर्षणाचा जो नियम फ्रान्सच्या कुलोम याने 1785 साली प्रसिद्ध केला, तो कॅव्हेंडिशने 1773 च्या सुमारासच प्रयोगाने सिद्ध केला होता. विजेचा दाब आणि प्रवाह यांचा जो संबंध जर्मनीच्या ओहमने 1827 साली मांडला, तोही त्याला 1781 साली उमगला होता. त्या काळी प्रवाह मोजण्याचे यंत्र नव्हते. म्हणून कॅव्हेंडिश स्वतःच्या अंगातून धक्का घेई आणि तो हातात कोठपर्यंत जाणवला, यावरून अंदाज बांधी. अर्थात हे साहस कोणीही, कधीही करू नये. मॅक्सवेलने आपल्या आयुष्यातील अखेरची वर्षे या कागदांसाठी खर्च केली आणि 1879 साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मॅक्सवेलचाही मृत्यू झाला.

हे कागद वेळीच बाहेर आले असते तर विजेचे शास्त्र कितीतरी वेगाने पुढे गेले असते. ज्ञान होते, पण ते देणाऱ्याला ते सांगण्याची सोपी वाट सापडली नाही. विजेच्या या प्रयोगांविषयी पुन्हा पुन्हा, शांतपणे विचारणारा कोणी ब्लॅग्डन त्या काळी त्याच्याजवळ नव्हता. त्याच्या मौनाची किंमत एकट्या कॅव्हेंडिशने नव्हे, तर साऱ्या जगाने मोजली.

कॅव्हेंडिश असा का होता? त्याच्या काळात याला उत्तर नव्हते. लोक त्याला तऱ्हेवाईक म्हणून मोकळे होत. पुढे विसाव्या शतकात, 1943 साली अमेरिकेत लिओ कॅनर यांनी आणि 1944 साली व्हिएन्ना येथे हान्स आस्पर्गर यांनी अशा काही मुलांची वर्णने प्रसिद्ध केली, ज्यांची बोलण्याची व माणसांशी संबंध ठेवण्याची रीत इतरांहून जन्मतःच निराळी होती. या निराळेपणाला ऑटिझम, मराठीत स्वमग्नता, असे म्हणतात. 2001 साली ऑलिव्हर सॅक्स या मज्जातंतुवैद्याने कॅव्हेंडिशच्या आठवणी तपासून, तोही बहुधा अशांपैकीच एक असावा, असे मत मांडले. दिवंगत माणसाची तपासणी करता येत नाही. म्हणून हे अनुमानच समजले पाहिजे. परंतु त्याच्या वर्णनातील पुष्कळ गोष्टी आज आपल्याला ओळखीच्या वाटतात.

स्वमग्न माणसे एकसारखी नसतात. काहींना बोलता येत नाही. ती लिहून, चित्रांवर बोट ठेवून, हाताच्या खुणांनी किंवा बोलणाऱ्या यंत्राच्या मदतीने आपले म्हणणे सांगतात. काही भरभर बोलतात, पण आपल्या आवडीच्या विषयावरच. काहींना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे त्रासाचे होते. नजर दुसरीकडे वळविली की त्यांना अधिक नीट ऐकू येते. काहींना प्रश्न कळतो, पण उत्तर ओठांवर येण्यास वेळ लागतो. काहींना गलका सहन होत नाही. यात त्यांचा उद्धटपणा नसतो किंवा आळसही नसतो. त्यांच्या बोलण्याची वाट वेगळी असते, इतकेच.

मुलांनो, कदाचित तुमच्या वर्गातही असा एखादा सोबती असेल. तो खेळात सामील होत नसेल, हाक मारली तर लगेच वळून पाहत नसेल, सर्वांसमोर उभे केले की त्याची वाचा बसत असेल. त्याला हसणे सोपे आहे. त्याच्याजवळ शांतपणे बसणे, त्याच्या आवडीची एखादी गोष्ट हळूच विचारणे आणि उत्तराला लागेल तितका वेळ देणे, हे थोडे अवघड आहे. पण लंडनच्या काही शास्त्रज्ञांना ते जमले होते आणि त्यांना त्याचे फळही मिळाले.

बँक्स यांच्या जिन्यावर थबकलेला तो जांभळ्या कोटातील माणूस पन्नास वर्षे सभांच्या दाराशी येत राहिला, याचा अर्थ त्याला आत यावयाचे होते. अशा माणसाला मागून ढकलून आत घालण्यापेक्षा, दार अलगद उघडून त्याच्यासाठी एक शांत कोपरा राखून ठेवणे अधिक बरे.